वन बीएचकेचा शोध: वाचकांचे प्रश्न, सल्लागारांची उत्तरं

ठाण्यापलीकडे बदलापूरपर्यंत, वसईपासून विरारपर्यंत आणि खाडीपलीकडे उलव्यापर्यंत भाड्याने घर शोधणाऱ्या वाचकांची पत्रं आमच्याकडे येत असतात. त्यांतले निवडक प्रश्न थोडक्यात दिले आहेत. घरं भाड्याने देण्या-घेण्याचे व्यवहार आणि त्यांची कागदपत्रं रोज हाताळणाऱ्या सल्लागारांनी उत्तरं लिहिली आहेत.

प्रश्न: माझी नोकरी ठाण्याला, नवऱ्याची परळला. भाड्यासाठी महिन्याला दहा-साडेदहा हजार निघतात. डोंबिवली, बदलापूर की विरार, काही ठरत नाही. बदलापूरला त्याच पैशात मोठं घर मिळतं, असं सगळे सांगतात.

उत्तर: विरार यादीतून काढून टाका. घर तिथेही परवडेल, पण तुमचं ऑफिस ठाण्याला आहे. विरारहून ठाण्याला यायचं तर दादरला जाऊन उलटं फिरावं लागतं, नाहीतर वसई रोड ते दिवा मार्गावरच्या मोजक्या गाड्यांवर भरवसा ठेवावा लागतो. घोडबंदर रस्त्याने बस आहे, पण त्या रस्त्यावरच्या कोंडीवर रोजचा मस्टर अवलंबून ठेवू नका.

आता डोंबिवली आणि बदलापूर. कल्याणला कर्जत आणि कसारा अशा दोन्ही बाजूंच्या गाड्या एकत्र येतात, त्यामुळे डोंबिवलीला त्या सगळ्या मिळतात. शिवाय डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकल आहेत, त्यांत सकाळी चढायला तरी मिळतं. बदलापूरला फक्त कर्जतच्या बाजूच्या गाड्या. तिथे एक लोकल रद्द झाली की पुढची येईपर्यंत फलाट भरून जातो. दादरपर्यंतच्या प्रवासात दोन्ही गावांत एका फेरीला साधारण वीस ते पंचवीस मिनिटांचा फरक पडतो. नवऱ्याला दादरला उतरून पुढे परळपर्यंत स्लो गाडी घ्यावी लागेल, तो वेळ वेगळा.

तरीही बदलापूर आम्ही सरसकट नाकारत नाही. तिथून सुटणाऱ्याही लोकल आहेत आणि त्यांत बसायला जागा मिळू शकते. दोघांपैकी कोणाला उभ्याने लांबचा प्रवास झेपत नसेल, तर बसून वीस-पंचवीस मिनिटं जास्त गेलेली परवडतात. मात्र ज्या वेळेला तुम्हाला खरोखर निघायचं आहे, त्याच वेळेला कामाच्या दिवशी दोन वेळा जाऊन ती गाडी पकडून बघा. रविवारी दुपारी घर बघायला गेल्यावर गाडीतली गर्दी कळत नाही.

भाड्याचा आकडा एकटा बघू नका. स्टेशनपासून घर दूर असेल आणि शेअर रिक्षाची सीट १५ रुपये असेल, तर दोघांची जाऊन-येऊन रोजची ६० रुपये होतात. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १,५०० रुपये. म्हणजे रिक्षाच्या अंतरावरचं ८,५०० चं घर आणि स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरचं १०,००० चं घर एकाच किमतीला पडतं. त्यात रात्री साडेदहानंतर रिक्षावाले सीटऐवजी पूर्ण रिक्षाचे पैसे मागतात आणि पावसात रांग लागते. आमचा कौल चालत जाता येईल अशा घराला, मग ते जुन्या इमारतीत असलं तरी चालेल. रेल्वेचा पास तीन महिन्यांचा काढा. तो मासिक पासाच्या २.७ पटीत मिळतो, म्हणजे थोडे पैसेही वाचतात आणि खिडकीवरची रांगही.

सुरुवातीला हातात किती रक्कम हवी, हे अनेकांना शेवटच्या दिवशी कळतं. समजा ९,५०० भाडं आणि ४०,००० डिपॉझिट ठरलं. डिपॉझिट, पहिल्या महिन्याचं भाडं आणि एजंटची एक महिन्याच्या भाड्याइतकी दलाली मिळून ५९,००० होतात. करारनाम्याची नोंदणी, तो करून देणाऱ्याची फी, टेम्पो, हमाल, गॅसची शेगडी जोडणं आणि पडद्यांचे रॉड धरले, तर सत्तर हजारांच्या आसपास तयारी ठेवा. सोसायटीचा मेंटेनन्स भाड्यातच आहे की वेगळा, हे पहिल्याच फोनवर विचारा. जाहिरातीत ९,००० लिहून नंतर १,५०० मेंटेनन्स सांगणारे बरेच असतात.

घासाघीस करताना भाड्यापेक्षा डिपॉझिटवर जोर लावा. मालक भाडं कमी करायला नाखूश असतो, कारण पुढची वाढ त्याच आकड्यावर होते. डिपॉझिट मात्र पन्नासवरून पस्तीसपर्यंत येतं. घर किती दिवस रिकामं आहे ते वॉचमनला विचारा. दोन महिने कुलूप असेल, तर मालकाचं दोन महिन्यांचं भाडं आधीच बुडालेलं असतं आणि तो ऐकून घ्यायच्या तयारीत असतो.

प्रश्न: एजंट घर दाखवताना पाच मिनिटांत बाहेर काढतो. तेवढ्यात नेमकं काय बघायचं?

उत्तर: पाच मिनिटांत घर बघू नका. निदान अर्धा तास मागा आणि शक्य असेल तर दुसऱ्यांदा संध्याकाळी जा. खिशात मोजपट्टी, मोबाइलचा चार्जर आणि एक छोटी बॅटरी ठेवा.

पहिला विषय पाण्याचा. पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, हे एजंटला विचारू नका. वरच्या मजल्यावरच्या बाईंना, वॉचमनला किंवा खालच्या इस्त्रीवाल्याला विचारा. पालिकेचं पाणी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत येतं, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि मग नळाला. यांतली एक कडी कच्ची असली, म्हणजे टाकी लहान किंवा पंप एकच, तर पालिकेचं पाणी पुरेसं असूनही नळाला पाणी नसतं. उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात का, आणि त्याची वर्गणी भाडेकरू देतो की मालक, हेही तिथेच कळतं. नळाच्या तोंडावर आणि बाथरूमच्या टाइल्सवर पांढरा खरखरीत थर दिसला, तर बोअरिंगचं जड पाणी वापरात आहे. त्यात डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही आणि गीझरची कॉइल लवकर जाते. अशा घरात पिण्याच्या पाण्याचं कनेक्शन वेगळं आहे का, ते विचारा.

मग ओल. सगळ्या घराला रंग जुना आणि एकाच भिंतीला किंवा छताच्या एकाच कोपऱ्याला नवा असेल, तर तिथे काहीतरी झाकलेलं आहे. बॅटरी भिंतीला चिकटवून तिरकी मारा, म्हणजे रंगाखालचे फुगवटे आणि पोपडे दिसतात. पश्चिमेकडच्या भिंतीवर पावसाचा मारा जास्त. बाथरूमच्या छताला तपकिरी डाग असतील तर वरच्या घरातलं पाणी गळतंय, आणि ते दुरुस्त करणं तुमच्या मालकाच्या हातात नसतं. वरचा मालक फरशी फोडायला तयार होत नाही तोवर गळती चालूच राहते. सर्वांत वरच्या मजल्याचं भाडं कमी असतं त्याची कारणं दोन: मे महिन्यात तापणारी गच्ची आणि जुलैत गळणारी गच्ची. गच्चीवर पत्र्याची शेड घातलेली असेल तर दोन्ही त्रास बरेच कमी होतात. जून ते सप्टेंबर हा घर बघायला उत्तम काळ आहे, कारण पावसात ओल लपवता येत नाही.

तळमजल्याचं घर असेल तर जिन्याखालच्या भिंतीवर पाण्याची रेषा शोधा. बदलापूर पश्चिमेला उल्हास नदीच्या बाजूला, हेंद्रेपाड्यासारख्या भागात, २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये घरांत पाणी शिरलं होतं. नालासोपारा पूर्वेच्या सखल गल्ल्यांत जोराच्या पावसात गुडघाभर पाणी ही दर वर्षीची गोष्ट आहे. शेजारच्या दुकानदाराला एवढंच विचारा की, पावसात माल किती फूट वर ठेवता?

विजेचं मीटर स्वतंत्र आहे ना, ते खाली जाऊन बघा. कल्याण, डोंबिवली, बदलापूर, वसई, विरार आणि पनवेल या सगळ्या भागांत महावितरणची वीज आहे. मागचं बिल मागा आणि थकबाकी शून्य असल्याचं बघा. दोन घरांत एकच मीटर असेल तर तो मामला टाळा. महावितरणचा दर पहिल्या १०० युनिटला कमी असतो आणि पुढे चढत जातो. दोघांचा वापर एका मीटरवर पडला की दोघेही महागड्या टप्प्यात जातात आणि दर महिन्याला वाटणीवरून वाद होतो. ताबा घ्याल त्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा.

मोजपट्टी कशाला? जाहिरातीत ‘५८० चौरस फूट’ असतं, त्यात जिना आणि लॉबीचा वाटाही धरलेला असतो. आतलं, म्हणजे कार्पेट, बहुतेक वेळा साडेतीनशे ते चारशे भरतं. बेडरूम दहा बाय दहाची असेल आणि तुमचा पलंग सहा बाय सव्वासहाचा, तर कपाटाचं दार उघडायला जागा राहते का ते तिथेच मोजा. फ्रिज ठेवायच्या जागी प्लग आहे का? वॉशिंग मशीनच्या पाण्याला निचरा आहे का? चार्जर प्रत्येक प्लगमध्ये लावून बघा. आणि चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर घरी येणाऱ्या आई-वडिलांचे गुडघे आठवा.

प्रश्न: मालक म्हणतात, ‘नोटरी करून घेऊ, रजिस्टर कशाला? ११ महिन्यांचं तर आहे.’ त्यांचं बरोबर आहे का?

उत्तर: नाही. हा गैरसमज इतका पसरला आहे की सविस्तर लिहितो.

नोंदणीच्या केंद्रीय कायद्यात एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, म्हणून देशभर ११ महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आहे, आणि त्याचं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायच्या परवानगीचा, करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. मुदत ११ महिने असो की ३६. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. म्हणजे नोटरीवर थांबण्यात खरा धोका मालकालाच आहे. हे त्यांना शांतपणे सांगा, बहुतेक मालक लगेच तयार होतात.

खर्चाची भीतीही अनाठायी आहे. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते पूर्ण मुदतीचं भाडं अधिक डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर लागतं. ९,५०० भाडं, ११ महिने, ४०,००० डिपॉझिट असेल तर भाडं १,०४,५०० आणि व्याज सुमारे ३,६६७. बेरीज १,०८,१६७, आणि तिचे ०.२५ टक्के म्हणजे २७० रुपये. प्रत्यक्षात तीनशेच्या आसपास धरा. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. बाकी खर्च करार ऑनलाइन भरून देणाऱ्याच्या फीचा. तो घरी येऊन मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदारांचे आधारशी जोडलेले अंगठे आणि फोटो घेतो. अंगठा जुळत नाही ही नेहमीची अडचण, विशेषतः वयस्कर मालकांची. आधारमधले ठसे आधीच अद्ययावत करून घेतले तर दोन फेऱ्या वाचतात. खर्च कोणी करायचा हे कायद्यापेक्षा ठरवण्यावर आहे. निम्मा-निम्मा करायला सांगा.

नोंदलेला करार तुमच्याही उपयोगाचा आहे. गॅस, बँक, शाळा, पासपोर्ट सगळीकडे राहण्याचा पुरावा म्हणून तो लागतो. ऑफिसात घरभाडे भत्त्याची करसवलत जुन्या कररचनेत घेत असाल आणि वर्षाचं भाडं एक लाखावर जात असेल, तर मालकाचा पॅन द्यावा लागतो. तो करारातच लिहून घ्या, नंतर मागितला की टाळाटाळ होते.

करार वाचताना चार ओळींवर बोट ठेवा. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात करार मोडता येत नाही ते, किती महिन्यांचं आहे आणि ते दोघांनाही लागू आहे का? नोटीस एक महिन्याची दोन्ही बाजूंनी सारखी आहे का? डिपॉझिट किल्ली दिल्याच्या दिवशी परत मिळणार की ‘नंतर’? आणि रंगाचे पैसे कापणार असतील तर किती, आकड्यात. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. तेव्हा नवा करार जुन्याची मुदत संपण्याआधी करा.

प्रश्न: नालासोपाऱ्यात स्वस्त घर मिळतंय, पण इमारत अनधिकृत आहे असं कोणी म्हणालं. भाडेकरूला त्याने काय फरक पडतो?

उत्तर: फार मोठा. नालासोपाऱ्यात कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीला पाडल्या गेल्या. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींबाबतही उच्च न्यायालयाने पाडण्याचा आदेश दिला होता. अशा वेळी मालक आपला लढा कोर्टात लढतो, भाडेकरू मात्र सामान घेऊन रस्त्यावर येतो, आणि ज्याचं घरच गेलं त्या मालकाकडून डिपॉझिट वसूल करणं किती कठीण असेल याची कल्पना करा.

तपास असा करा. मालकाकडे भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे ज्याला सगळे ओसी म्हणतात त्या, इमारतीत राहायला पालिकेने परवानगी दिल्याच्या दाखल्याची प्रत मागा. घरपट्टीची पावती दाखवून कोणी खात्री देत असेल तर ती पुरेशी नाही. पालिका अनधिकृत बांधकामाकडूनही कर घेते. बिलात अनधिकृत बांधकामाची ‘शास्ती’, म्हणजे दंड, दिसली तर बांधकाम अनधिकृत आहे हे नक्की, पण लहान घरांना शास्तीत सूट मिळालेली असल्याने ती न दिसणं हा अधिकृतपणाचा पुरावा होत नाही. महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबर दाखवला तर? डोंबिवलीच्या प्रकरणात पालिकेच्या बनावट परवानग्या जोडूनच महारेराची नोंदणी मिळवलेली होती. म्हणून बांधकाम परवानगीचा क्रमांक पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पडताळून घ्या.

जुन्या इमारतीचा प्रश्न वेगळा. तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२बी म्हणजे न रिकामी करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. पहिल्या दोन गटांतलं घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. खांबांना उभ्या भेगा आणि बाहेर आलेल्या गंजक्या सळया दिसल्या, तर यादीत नाव नसलं तरी परत फिरा. इथे दोन हजार रुपये वाचवण्यासाठी जिवाची जोखीम घ्यायची नाही.

प्रश्न: हेवी डिपॉझिटवर घर मिळतंय. सहा लाख एकरकमी, भाडं शून्य. गावची जमीन विकून पैसे हातात आहेत. घ्यावं का?

उत्तर: आमच्या मते घेऊ नये. सहा लाखांवर बँकेत जे व्याज मिळालं असतं, तेवढंच तुमचं खरं भाडं आहे, आणि त्या हिशेबाने हे घर स्वस्तच दिसतं. प्रश्न मुद्दल परत मिळण्याचा आहे. इतकी रक्कम एकदम मागणाऱ्या मालकाला बहुतेक वेळा कुठलं तरी कर्ज फेडायचं असतं. दोन वर्षांनी तुम्ही घर सोडाल तेव्हा तो नवा भाडेकरू मिळाल्यावरच पैसे देतो, आणि तोवर तुम्ही नव्या घराचं डिपॉझिट कुठून भरणार? त्या घरावर गृहकर्ज थकलेलं असेल तर बँक सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी तारण ताब्यात घेण्याच्या कायद्याखाली, ताबा घेऊ शकते. बँकेचा हक्क घरावर असतो. तुमच्या सहा लाखांना मात्र कसलंच तारण नसतं.

तरीही घ्यायचं असेल तर निदान एवढं करा: घरावर कर्ज आहे का याचं बँकेचं पत्र, सोसायटीकडून थकबाकी नसल्याचं पत्र, नोंदलेला करार, आणि पैसे फक्त मालकाच्या नावाच्या खात्यात, चेकने. एक रुपयाही रोख नको.

प्रश्न: आम्ही दोघी नर्स आहोत, वसईच्या रुग्णालयात. मालक तयार आहेत, पण सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, ‘फॅमिलीलाच देतो, बॅचलरला एनओसी मिळणार नाही.’

उत्तर: घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, पूर्वसूचना लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सभासदाने आठ दिवस आधी सोसायटीला कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची, एवढंच आहे. भाडेकरू विवाहित असावा अशी अट त्यात नाही. सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क, म्हणजे तो स्वतः तिथे राहत नसल्याबद्दलचं शुल्क, घेऊ शकते, तेही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, पालिकेचे कर वगळून. ते तुमच्यावर टाकलं तर आकडा तपासा.

पण यात लढायचं मालकाला आहे, कारण सभासद ते आहेत. त्यांच्याकडून सोसायटीला लेखी पत्र द्यायला लावा आणि पोहोच घ्यायला सांगा. सेक्रेटरींनी तोंडी नकार दिला असेल तर ‘हेच लेखी द्या’ एवढं म्हटल्यावर बराच विरोध मावळतो. त्यानंतरही अडवलं तर मालकाने सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करावी. तुमच्या बाजूने रुग्णालयाचं ओळखपत्र आणि नोकरीचं पत्र पहिल्याच भेटीत पुढे ठेवा. रात्रपाळी असते हेही आधीच सांगा, म्हणजे पहाटे घरी येण्यावरून नंतर कुजबुज होणार नाही. मालक मनापासून पाठीशी उभे नसतील तर मात्र दुसरं घर बघा. कायदा तुमच्या बाजूने असला तरी रोज लिफ्टमध्ये भांडण घेऊन राहणं जिवावर येतं.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हे मालकाचं काम. वसई-विरारसाठी मीरा-भाईंदर वसई-विरार आयुक्तालय, डोंबिवली ते बदलापूरसाठी ठाणे, पनवेल-उलव्यासाठी नवी मुंबई.

प्रश्न: ऑनलाइन जाहिरातीत खारघरला ७,००० ला सुसज्ज वन बीएचके. मालक म्हणाले, सैन्यात आहे, बदली झाली, घर बघायच्या गेट पाससाठी आधी २,५०० पाठवा, ते परत मिळतील.

उत्तर: पाठवू नका. घर बघायला पैसे लागत नाहीत. गणवेशातला फोटो, ओळखपत्राची प्रत आणि ‘परत मिळतील’ हा शब्द, हा फसवणुकीचा ठरलेला साचा आहे. पुढची पायरी म्हणजे ते पैसे ‘परत’ देण्यासाठी क्यूआर कोड पाठवतात आणि पिन टाकायला सांगतात. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. आधीच पाठवले असतील तर आत्ता १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त.

याची एक भावंड असलेली फसवणूक जास्त घातक आहे: भाड्याने राहणाराच मालक बनून एकच घर तिघांना दाखवतो आणि तिघांकडून टोकन घेतो. वीजबिल, घरपट्टी आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट या तिघांवर एकच नाव आहे का, आणि तेच नाव आधार कार्डावर आणि बँक खात्यावर आहे का, हे जुळल्याशिवाय टोकन देऊ नका. मालक परदेशी असेल आणि भाऊ व्यवहार करत असेल तर नोंदलेलं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) बघा.

प्रश्न: डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, असं वाचलं. मग आमच्याकडे पाच महिन्यांचं कसं मागतात?

उत्तर: दोन महिन्यांची मर्यादा केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात आहे. तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, आणि महाराष्ट्रातले व्यवहार १९९९ च्या कायद्यावर चालतात. त्यात लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला अशी मर्यादा नाही. मालकाला कायदा दाखवून उपयोग नाही, घासाघीसच करावी लागेल.

प्रश्न: ११ महिने झाले, त्याच घरात राहायचं आहे. एजंट पुन्हा दलाली मागतो.

उत्तर: पहिल्या वेळीच हे लेखी ठरवायला हवं होतं. आता विचारा, या वेळी तो नेमकं काय करणार? नवा करार करून देणार असेल तर त्या कामाची फी द्या. घर शोधून दिल्याची दलाली एकदाच. मालकाचा नंबर तुमच्याकडे आहे, थेट बोला. भाडं वाढवताना ५ ते १० टक्क्यांची बोली सर्रास चालते. पुढची वाढ टाळायची असेल तर २२ किंवा ३३ महिन्यांचा करार करा आणि प्रत्येक टप्प्याचं भाडं आत्ताच लिहून घ्या.

प्रश्न: घर सोडून दोन महिने झाले. मालकाने रंगाचे १५,००० कापले आणि उरलेलं डिपॉझिटही देत नाही.

उत्तर: करारात रंगाचा आकडा नसेल तर वापराने मळलेल्या भिंतींचा खर्च भाडेकरूवर टाकण्याला आधार नाही. खिळ्यांनी फोडलेली भिंत किंवा तुटलेलं बेसिन ही वेगळी गोष्ट. मालकाला आधी साध्या भाषेत लेखी पत्र पाठवा, स्पीड पोस्टाने: करार क्रमांक, किल्ली दिल्याची तारीख, येणं असलेली रक्कम आणि पंधरा दिवसांची मुदत. रंगाचं बिल मागा, बिलाशिवाय कापलेली रक्कम मान्य नसल्याचं लिहा. उत्तर आलं नाही तर वकिलाची नोटीस, आणि मग दिवाणी दावा. तो डिपॉझिट परत द्यायची तारीख उलटल्यापासून तीन वर्षांच्या आत लावता येतो. किल्ली परत दिल्याचा पुरावा तुमच्याकडे नसेल, तर ‘घर सोडलंच नव्हतं’ असा बचाव मालक घेऊ शकतो. त्या दिवशीचा मेसेज, टेम्पोचं बिल, सोसायटीच्या गेटवरची नोंद, जे सापडेल ते आत्ताच गोळा करून ठेवा. घर सोडणाऱ्या इतर वाचकांनी किल्ली देताना रिकाम्या घराचा सलग व्हिडिओ काढावा, त्यात मीटरचा आकडा यावा, आणि ‘किल्ली मिळाली’ एवढे दोन शब्द मालकाकडून लिहून घ्यावेत.